लॉरीन नीडेकर : एक अप्रसिद्ध अमेरिकन कवयित्री

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं विस्कॉन्सिन या संस्थानांत फोर्ट ॲटकिन्सन नांवाचें एक लहान गांव आहे. इ. स. १९५७ पासून १९६३ पर्यंत तेथील इस्पितळांत एक प्रौढ बाई फरशा पुसण्याच्या व स्वयंपाकघर घासण्याच्या कामावर होती. नोकरीस लागली तेव्हां तिनें पन्नाशी ओलांडली होती. दृष्टि अधू असल्यामुळें डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा होता. काम आटोपलें म्हणजे ती गांवाबाहेर नदीकांठच्या आपल्या लहानशा लांकडी घरांत परत जाई. या बाईच्या नांवानें एक काव्यसंग्रह अकरा वर्षांपूर्वींच छापला गेला होता, आणि न्यूयॉर्कमधील एका विद्वान् कवीशीं तिचा पंचवीस वर्षांहून अधिक काळ अखंड पत्रव्यवहार चालू होता. परंतु हें तिच्या बरोबरीनें काम करणाऱ्या बायकांस ठाऊक नव्हतें, शेजाऱ्यापाजाऱ्यांस ठाऊक नव्हतें, आणि तें त्यांस कळावें अशी तिची इच्छाहि नव्हती.

इंग्रजी काव्याची आवड असलेल्या आमच्या वाचकांस लाँगफेलो व व्हिटमन परिचित आहेत. एमिली डिकिन्सन हें नांवहि अनेक भगिनींस ठाऊक असेल. लॉरीन नीडेकर हें नांव मात्र त्यांच्या कानांवरून गेलें असण्याचा संभव कमी. खुद्द अमेरिकेंतहि या बाईंची योग्यता जाणणारे लोक त्यांच्या हयातींत मोजकेच होते, आणि त्यांतले कित्येक तर साता समुद्रांपलीकडे राहणारे होते. आतां टीकाकार त्यांच्या कवितेची थोरवी मान्य करतात. तथापि ‘विसाव्या शतकांतील एमिली डिकिन्सन’ असें जें बिरुद त्यांस वारंवार लावण्यांत येतें, तें आम्हांस अर्धेंच पटतें. दोघींच्याहि कविता लहान, दोघींचेंहि आयुष्य एकांतांतलें, हें खरें. परंतु डिकिन्सनबाई वकील पित्याच्या भरल्या घरांत राहत असत, आणि त्या घरीं कामाला मोलकरणी होत्या. नीडेकरबाईंच्या गोष्टींत मोलकरीण आणि कवयित्री या दोन निराळ्या व्यक्ति नाहींत.

लॉरीन यांचा जन्म १२ मे १९०३ रोजीं झाला. फोर्ट ॲटकिन्सनपासून कांहीं मैलांवर रॉक नदी कॉशकोनाँग सरोवरास मिळते; त्या मुखाजवळच्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीस ब्लॅक हॉक बेट म्हणतात. वास्तविक तें बेट नव्हे. पण हिंवाळा सरून बर्फ वितळूं लागलें म्हणजे नदी आपले कांठ सोडते, आणि मग बेट हें नांव खरें ठरूं लागतें. घरांत पाणी शिरावयाचें, सामानसुमान उंचावर ठेवावयाचें, पाणी ओसरलें कीं चिखल उपसावयाचा, हा क्रम तेथील रहिवाशांच्या अंगवळणीं पडलेला. दलदल, लव्हाळे, बेडूक, पाणपक्षी, वाळुंजाचीं झाडें, दंवानें भिजलेल्या होड्या, हेंच पुढें बाईंच्या कवितेचें भांडवल झालें. वडील हेन्री नीडेकर हे जाळीं टाकून कार्प मासे धरीत व विकीत. हा मासा आपल्याकडील रोहूच्याच कुळांतला. हवापालटासाठीं व मासेमारीच्या हौसेनें येणाऱ्या लोकांस ते लहान लहान घरेंहि भाड्यानें देत. आई डेझी यांस बहिरेपण येऊं लागलें आणि तें वाढतच गेलें. आईला ऐकूं येत नाहीं, वडिलांचें मन घराबाहेर गुंतलेलें, भावंड एकहि नाहीं. मुलगी नदीचें ऐकत वाढली.

गांवांतील शिक्षण पुरें करून १९२२ सालीं लॉरीन बिलॉइट येथील महाविद्यालयांत दाखल झाल्या. वाङ्मयाचा अभ्यास सुरू झाला, आणि दोनच वर्षांत, १९२४ सालीं, तो अर्धवट टाकून त्यांस घरीं परतावें लागलें. आईची शुश्रूषा करावयाची होती. एकुलती एक मुलगी, तिच्यावांचून दुसरें कोण येणार? या परतण्याविषयीं बाईंचा परिचय करून देणारे लेखक बहुधा एक वाक्य लिहून पुढें जातात. आमच्या वाचकभगिनींस तें वाक्य इतक्या सहजासहजीं ओलांडतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं. १९२८ सालीं त्यांचा विवाह झाला. त्याच सुमारास गांवच्या वाचनालयांत मदतनिसाची नोकरीहि मिळाली. परंतु पैशांच्या अडचणी येऊन दोन वर्षांतच संसार मोडला, नोकरीहि सुटली, आणि बाई पुनः आईबापांच्या घरीं आल्या. कायद्यानें फारकत होण्यास मात्र १९४२ साल उजाडावें लागलें.

अशा स्थितींत १९३१ च्या फेब्रुवारींतील ‘पोएट्री’ मासिकाचा अंक त्यांच्या हातीं पडला. हें मासिक शिकागो येथें हॅरिएट मन्रो नांवाच्या बाईंनीं १९१२ सालीं काढलें होतें. हा अंक मात्र लुई झुकॉफ्स्की या तरुण कवीनें संपादित केलेला होता, आणि त्यांत त्यानें एका नव्या काव्यदृष्टीचा पुकारा केला होता. तिचा मथितार्थ असा, कीं कविता ही सुतारानें जोडलेल्या चौरंगासारखी एक वस्तु आहे. तिच्यांत एकहि खिळा उगाच ठोकलेला असतां कामा नये. भावनेचा पूर लोटण्यापेक्षां डोळ्यांना जें दिसलें व कानांना जें ऐकूं आलें तें प्रामाणिकपणें मांडावें; भावना मागाहून आपल्या पायांनीं चालत येते. या कवींस ‘ऑब्जेक्टिव्हिस्ट’ म्हणत. नीडेकरबाईंनीं तो अंक वाचला, आणि कांहीं महिन्यांनीं धीर करून झुकॉफ्स्की यांस पत्र लिहिलें. त्या पत्रापासून जो व्यवहार सुरू झाला तो बाईंच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षें, चालला.

१९३३ च्या अखेरीस त्या न्यूयॉर्कला गेल्या व कांहीं काळ झुकॉफ्स्की यांच्या सहवासांत राहिल्या. त्या दिवसांविषयीं मागाहून पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्यांत शिरण्याचें आम्हांस प्रयोजन दिसत नाहीं. त्या परत आल्या, इतकें पुरे. दोघांनींहि आपापले मार्ग धरले. झुकॉफ्स्की यांनीं १९३९ सालीं विवाह केला. पत्रें मात्र येत जात राहिलीं. बाईंनीं कविता पाठवावी, त्यांनीं तीवर खुणा करून ती परत पाठवावी, आणि बाईंनीं आणखी चार शब्द कापावे, अशी ती टपालाची शाळा होती.

या काळांतील एक वस्तु आम्हांस विशेष मनोरंजक वाटते. १९३४ च्या नाताळांत बाईंनीं झुकॉफ्स्की यांस एक भेट पाठविली. ती म्हणजे पुढील वर्षाची एक छापील दिनदर्शिका. अशा दिनदर्शिकेच्या प्रत्येक पानावर एखादें सुभाषित, एखादा उपदेश छापलेला असतो, हें आपणांसहि ठाऊक आहे. बाईंनीं त्या प्रत्येक उपदेशावर कागदाचा तुकडा चिकटविला, आणि त्यावर स्वतःच्या हातानें चिमुकली कविता लिहिली. कोणाहि गृहिणीच्या घरीं सांपडेल असें साहित्य, कात्री, खळ आणि शाई. पण त्यांतून बाईंची पुढली सारी वृत्ति दिसून येते. तयार उपदेश झांकून टाकावयाचा आणि त्या जागेंत मावेल एवढेंच स्वतःचें म्हणावयाचें!

जागतिक मंदीच्या त्या वर्षांत अमेरिकेच्या सरकारनें बेकार लेखकांकरितां एक योजना काढली होती. प्रत्येक संस्थानाची माहिती देणारे ग्रंथ त्यांच्याकडून लिहवून घेण्यांत येत. १९३८ पासून १९४२ पर्यंत बाई या योजनेंत विस्कॉन्सिनची राजधानी मॅडिसन येथें काम करीत होत्या. जुने दप्तर चाळावें, वसाहतवाल्यांच्या हकीकती उतरून घ्याव्या, स्थानिक बोलींतले चमत्कारिक शब्द टिपून ठेवावे, हें काम त्यांच्या प्रकृतीस मानवलें. ज्याच्या नांवानें त्यांचें बेट ओळखलें जातें त्या ब्लॅक हॉक या सॉक जातीच्या पुढाऱ्याचा इतिहासहि त्यांच्या अभ्यासांत आला. १८३२ सालीं गोऱ्या सैन्यानें त्याचा पाठलाग याच प्रदेशांतून केला होता. जमीन ही विकावयाची वस्तु नव्हे, असें या वृद्धाचें म्हणणें त्याच्या आत्मवृत्तांत नमूद आहे. बाईंनीं तें एका छोट्या कवितेचा विषय केलें. पुढें वडिलांची जमीन वांटेस आल्यावर गहाणखतें व भाडेकरू यांनीं त्यांच्या नाकीं नऊ आणले. ब्लॅक हॉकचें म्हणणें त्यांस तेव्हां निराळ्या रीतीनें पटलें असावें.

त्यांचा पहिला संग्रह ‘न्यू गूज’ १९४६ सालीं इलिनॉय संस्थानांतील एका लहान छापखान्यानें काढला. इंग्रजी घरांतून ‘मदर गूज’ या नांवाखालीं जीं बालगीतें पिढ्यान् पिढ्या चालत आलीं आहेत, त्यांचा ठेका घेऊन बाईंनीं त्यांत आपल्या काळांतील माणसें बसविलीं. मासे धरणारा, कर्जांत बुडालेला शेतकरी, युद्धावर गेलेला मुलगा, ओट्यावर बसून कुरकुर करणारी म्हातारी, हे सर्व चारचार सहासहा ओळींत येऊन आपलें एक वाक्य बोलतात आणि निघून जातात. पुष्कळ वाक्यें त्यांनीं आईच्या तोंडून उचललीं होतीं. ज्या बाईला स्वतःला ऐकूं येत नव्हतें, तिचें बोलणें मुलीनें इतक्या बारकाईनें ऐकावें, ही गोष्ट आम्हांस त्या पुस्तकांतील कोणत्याहि कल्पनेपेक्षां अधिक काव्यमय वाटते.

संग्रह निघाला तेव्हां बाई फोर्ट ॲटकिन्सन येथेंच ‘होर्ड्‌स डेअरीमन’ या पत्राच्या कचेरींत नोकरीस होत्या. विस्कॉन्सिन हा दूधदुभत्याचा मुलूख. १८८५ सालीं निघालेलें हें पत्र गाईगुरें पाळणाऱ्या शेतकऱ्यांत अत्यंत मान्य. तेथें १९४४ पासून १९५० पर्यंत बाई लघुलेखनाचें व मुद्रितें तपासण्याचें काम करीत. गाईंच्या वैरणीवरील लेखांतले स्वल्पविराम दिवसभर पारखावयाचे, आणि रात्रीं स्वतःच्या कवितेंतले. त्यांच्या बुबुळांस स्थिर न राहण्याचा विकार होता. बारीक अक्षरांच्या कामानें डोळे थकत गेले, व अखेर ती नोकरी त्यांस सोडावी लागली. डोळ्यांस न झेपणारें लेखणीचें काम गेलें, आणि हातांनीं करावयाचें काम पत्करणें भाग पडलें. इस्पितळांतील फरशांचा मार्ग हा असा निघाला.

याच मुलखांत दूध आटवून डब्यांत भरण्याचे कारखाने जागोजागीं होते. आपल्या काव्यकर्मावर बाईंनीं एक अगदीं छोटी कविता केली आहे. तींत आजोबा नातीला एखादा धंदा शिकून घे म्हणून व्यवहाराचा सल्ला देतात, आणि नात आपला धंदा सांगते, तो या आटवण्याच्या कारखान्याच्या उपमेनें. ही उपमा परदेशस्थ टीकाकारांस कष्टानें समजावून घ्यावी लागते. आमच्या वाचकभगिनींस ती समजावून सांगण्याची आवश्यकताच नाहीं. बासुंदीसाठीं दूध चुलीवर ठेवून ज्यांनीं तासन् तास कालथा फिरविला आहे, त्यांस पुरतें ठाऊक आहे कीं हें काम धांदलीचें नसून धीराचें आहे. विस्तव मंद हवा, हात थांबतां कामा नये, आणि शेरांचें पावशेर झालें म्हणजे शेजारीण विचारते, एवढेंच का? बाईंच्या कविता पाहून पुष्कळांनीं असेंच विचारलें. पानावर पांच ओळी, ओळींत तीनचार शब्द, भोंवतालीं सारें कोरें. एका कवितेंत त्या आपल्या छापखान्यांतील सोबत्यांविषयीं आपुलकीनें लिहितात, आणि मनाशीं म्हणतात, कीं इतक्याशा ओळींकरितां मी महिनेच्या महिने खर्चीं घालतें हें कळलें तर हीं माणसें मला काय म्हणतील!

१९५१ सालीं आई वारली, १९५४ सालीं वडील. आईच्या अंतकाळावर बाईंची एक कविता आहे. अशा प्रसंगीं आशीर्वाद, क्षमायाचना, निरवानिरव यांची अपेक्षा वाचक करतो. येथें आई शेवटच्या श्वासासरशीं मुलीला घरकामाचीं फर्मानें सोडते. फरशा धुण्याचेंहि त्यांत आहे. बस्स, एवढेंच. बाईंनीं वर एक अक्षर लिहिलेलें नाहीं. पहिल्या वाचनांत आम्हांस ही कविता कठोर वाटली. दुसऱ्यांदां वाचतांना लक्षांत आलें, कीं जन्मभर ज्या दोघींमध्यें बोलणें पोंचणेंच कठीण होतें, त्यांच्यांत मायेची दुसरी भाषा तयारच झालेली नव्हती. सहा वर्षांनीं मुलगी खरोखरच पोटासाठीं फरशा धुवूं लागली.

पहिल्या संग्रहानंतर दुसरें पुस्तक निघण्यास पंधरा वर्षें लागलीं. हीं वर्षें रिकामीं नव्हतीं. झुकॉफ्स्की यांचा मुलगा पॉल १९४३ सालीं जन्मला. लहानपणींच तो व्हायोलिन वाजविण्यांत प्रवीण झाला व पुढें नामांकित वादक म्हणून ओळखला गेला. स्वतःला मूल नसलेल्या या बाईंनीं दूरच्या त्या मुलास उद्देशून एक मोठी काव्यमाला रचली. तींत त्याच्या घरांतल्या हकीकती पत्रांतून आलेल्या, आणि नदीकांठच्या हकीकती बाईंच्या स्वतःच्या, अशी वीण होती. पण घरच्या खासगी गोष्टी छापल्या जाव्या हें झुकॉफ्स्की यांस रुचत नव्हतें. ती माला पुस्तकरूपानें बाईंच्या हयातींत निघाली नाहीं. पुढें त्यांच्याच इच्छेवरून बाईंनीं त्यांच्या पत्रांतील घरगुती मजकूरहि कापून काढला. झुकॉफ्स्की यांचे बाईंवर उपकार होते यांत शंका नाहीं. त्यांच्यावांचून या कवयित्रीस आपली वाट सांपडण्यास किती काळ लागता, कोण सांगेल? तथापि गुरूचा हात शिष्येच्या कवितेवरून जसा फिरला, तसा तो तिच्या तोंडावरहि थोडा ठेवला गेला, असें आम्हांस वाटल्यावांचून राहत नाहीं. बाईंनीं त्यांच्याविषयीं कृतज्ञता मात्र कधीं सोडली नाहीं.

अखेर १९६१ सालीं ‘माय फ्रेंड ट्री’ हें लहानसें पुस्तक निघालें, तें स्कॉटलंडमध्यें! एडिंबरोचे कवि इयन हॅमिल्टन फिन्ली यांनीं आपल्या चिमुकल्या छापखान्यांतून तें काढलें. जपानांत क्योटो येथें राहणारे अमेरिकन कवि सिड कॉर्मन हे आपल्या ‘ओरिजिन’ या नियतकालिकांत बाईंच्या कविता छापूं लागले. पुढलीं पुस्तकें लंडनहून निघालीं. म्हणजे ज्या बाईचा शब्द एडिंबरो व क्योटो येथें वाचला जात होता, ती सकाळीं उठून इस्पितळाच्या फरशा पुसावयास जात होती. आणि गांवांत तिला कोणी कविता म्हणून दाखवा असें म्हटलें नाहीं.

या गुप्तपणाचें कारण काय? निर्धनतेंत राहून कीर्तीकडे पाठ फिरविणारी एक योगिनी असें बाईंचें चित्र कांहीं भाविक लेखकांनीं रंगविलें आहे. तें आम्हांस मान्य नाहीं. कीर्ति नको असती तर त्यांनीं कविता मासिकांकडे पाठविल्या नसत्या, आणि कॉर्मन यांस नेमानें पत्रें लिहिलीं नसतीं. त्यांस वाचक हवे होते. शेजारीं कौतुक नको होतें. शेजाऱ्यांस कळलें असतें तर ते त्यांच्यासमोर जपून बोलूं लागले असते, आणि त्यांचें मोकळें बोलणें हेंच तर बाईंचें कच्चें दूध! शिवाय खेडेगांवांत एकदां ‘कविता करणारी’ असा शिक्का बसला म्हणजे माणसाच्या साध्या वागण्याचाहि लोक निराळा अर्थ लावूं लागतात. हा अनुभव एका विस्कॉन्सिनचाच आहे असें नाहीं. त्यांच्या दारिद्र्याविषयींहि असेंच. दारिद्र्यामुळें त्यांची कविता तेजस्वी झाली असें म्हणणें सोपें आहे, पण डोळे चांगले असते, शिक्षण पुरें झालें असतें आणि दिवसाचे आठ तास स्वतःचे असते, तर आणखी काय लिहिलें गेलें असतें याचा हिशेब कोणी करीत नाहीं. त्यांच्या घरांत कित्येक वर्षें नळाचें पाणीहि नव्हतें. पुढें पंपानें घरांत पाणी आलें, तेव्हां बाईंनीं त्या पंपावरच एक मिस्किल कविता केली; सोयीबरोबर पैशांची चिंताहि घरांत आली अशी तिची तक्रार आहे.

१९६३ सालीं, वयाच्या साठाव्या वर्षीं, बाईंनीं पुनर्विवाह केला. पति आल्बर्ट मिलेन हे मिलवॉकी शहरांतल्या एका कारखान्यांत रंगाऱ्याचें काम करीत. ते काव्याचे रसिक नव्हते; परंतु बाईंनीं नोकरी सोडावी व लिहीत बसावें याला त्यांची हरकत नव्हती, आणि त्यांच्यापाशीं मोटार होती. या दोन गोष्टींनीं रसिकतेची उणीव भरून निघाली असें आमचें मत आहे. शहरांत बाई नदीविना कष्टी होत, पण हातीं वेळ आला होता. १९६४ च्या शरदांत त्यांनीं आपल्या निवडक कविता लहान वह्यांत स्वहस्तें उतरून काढल्या, आणि तीन मित्रांस एकेक वही पाठविली. झुकॉफ्स्की, कॉर्मन आणि जोनाथन विल्यम्स हे ते तिघे. छापखाना मिळत नाहीं तर वही शिवावी, हा तीस वर्षांपूर्वींच्या दिनदर्शिकेचाच बाणा.

१९६६ सालीं उभयतांनीं मोटारींतून सुपीरियर सरोवराच्या भोंवतीं प्रवास केला. सामान्य प्रवासी देखावे पाहतो. बाईंनीं खडक पाहिले. प्रवासासाठीं त्यांनीं भूगर्भशास्त्र, जुन्या फ्रेंच प्रवाशांचीं वृत्तें, खनिजांचीं नांवें यांवर ढीगभर टिपणें केलीं, आणि या सर्वांतून जी कविता उरली ती अवघ्या थोड्या पानांची. जें लोह खडकांत आहे तेंच सजीवांच्या रक्तांत आहे, हा तिचा गाभा. या काव्यांत बाईंची आटवण्याची कला पूर्णत्वास पोंचली आहे असें आम्ही समजतों. जेफर्सन, डार्विन, विल्यम मॉरिस यांच्या पत्रांवरून व चरित्रांवरून रचलेल्या त्यांच्या कविताहि याच शेवटच्या वर्षांतल्या. थोर पुरुषांचा त्यांनीं पोवाडा केला नाहीं. डार्विनची प्रकृति, जेफर्सनचें कर्ज व त्याची मुलगी, मॉरिसनें पत्नीस लिहिलेलीं पत्रें, असलें घरगुती सूत धरून त्या त्यांच्या मनांत शिरतात.

मग पुस्तकें भराभर निघालीं. १९६८ मध्यें लंडनहून ‘नॉर्थ सेंट्रल’, १९६९ मध्यें अमेरिकेंत विल्यम्स यांच्या संस्थेकडून ‘टी अँड जी’, आणि १९७० मध्यें पुनः लंडनहून ‘माय लाइफ बाय वॉटर’. इंग्लंडमधील कवि बेसिल बंटिंग, जे बाईंस फार मोठ्या योग्यतेच्या मानीत, ते १९६७ सालीं त्यांच्या भेटीस येऊन गेले. मिलेन कामावरून निवृत्त झाल्यावर दोघें बेटावर परत आलीं होतीं. नदी पुनः दाराशीं होती. ‘पीअन टु प्लेस’ हें दीर्घ काव्य या सुमाराचें. त्यांत आई, वडील, पूर, मासे, दलदल हें सर्व जन्माचें ऋण एका ओघांत आलें आहे. वडिलांच्या चुका त्यांत झांकलेल्या नाहींत, आणि त्यांचा न्यायनिवाडाहि केलेला नाहीं.

१९७० च्या नोव्हेंबरांत कॉर्मन त्यांच्या घरीं आले. दहा वर्षें पत्रांतून बोलणारीं हीं दोन माणसें तेव्हां प्रथमच समोरासमोर बसलीं. कॉर्मन यांनीं ध्वनिमुद्रणाचें यंत्र आणलें होतें. बाईंनीं त्यावर आपल्या कविता वाचून दाखविल्या. त्यांच्या आवाजांतलें काव्यवाचन म्हणून आज तेवढेंच शिल्लक आहे. पुढल्याच महिन्यांत त्यांस मेंदूंत रक्तस्राव होऊन झटका आला, आणि ३१ डिसेंबर १९७० रोजीं त्यांचें देहावसान झालें. आपले खासगी कागद नष्ट करावे असें त्यांनीं पतीस सांगून ठेविलें होतें. मिलेन यांनीं तें पाळलें. अखेरच्या वर्षांत सिद्ध केलेलें एक हस्तलिखित मात्र वांचलें. तें इंग्लंडमध्यें १९९१ सालीं छापलें गेलें. १९८५ सालीं निघालेल्या समग्र संग्रहांत पाठाच्या चुका फार होत्या. ज्या बाईंनीं एकेका स्वल्पविरामावर रात्री घालविल्या, त्यांच्या वांट्यास हें यावें! जेनी पेनबर्थी या विदुषीनें प्रत्येक कवितेचा पाठ पारखून समग्र ग्रंथ तयार केला, तो २००२ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मुद्रणालयानें काढला.

फोर्ट ॲटकिन्सन गांवांत आतां एका इमारतीच्या भिंतीवर त्यांची कविता मोठाल्या अक्षरांत रंगविलेली आहे. त्यांच्या संग्रहांतील पुस्तकें गांवच्या सार्वजनिक वाचनालयांत जपून ठेवलीं आहेत. १९३० सालीं बाईंची नोकरी सुटली होती, तें हेंच वाचनालय.